एका कसोटीचा फलंदाज

चेपॉकच्या मैदानाशी मराठी माणसाचे नाते काय, असे विचारले की आमची मित्रमंडळी तत्काळ सुनील गावसकरांचे नाव घेतात. ते योग्यच आहे. डिसेंबर १९८३ मध्ये गावसकरांनी येथेच नाबाद २३६ धावा काढून तिसावे कसोटी शतक पुरे केले आणि ब्रॅडमनला मागे टाकले. परंतु याच मैदानावर आणखी एका मराठी फलंदाजाची सबंध कसोटी कारकीर्द सुरू झाली आणि त्याच सामन्यात संपली, हे फारसे कोणाच्या ध्यानी नसते. धावा पंधरा आणि शून्य. नाव मधुसूदन रामचंद्र रेगे.

रेगे मूळचे पनवेलचे. जन्म १८ मार्च १९२४ चा. महाराष्ट्राच्या संघाचे ते सलामीचे फलंदाज. जानेवारी १९४९ च्या अखेरीस वेस्ट इंडीजविरुद्धच्या चौथ्या कसोटीसाठी त्यांना मद्रासला बोलावणे आले. आधीच्या तिन्ही कसोट्या अनिर्णित राहिल्या होत्या.

नव्या सलामीवीराच्या वाट्याला प्रथम काय आले, तर क्षेत्ररक्षण! प्रतिपक्षाच्या रे आणि स्टोलमायर या सलामीच्या जोडीने २३९ धावांची भागी केली. आपल्याला जे काम करावयाचे आहे तेच दुसरे कोणी दिवसभर अस्खलितपणे करीत आहे आणि आपण उन्हात उभे राहून ते पाहत आहो, याहून कठीण उमेदवारी आमच्या तरी कल्पनेत येत नाही. ५८२ धावांचा तो डोंगर दत्तू फडकरांनी सात बळी घेऊन कसाबसा आवरला. एव्हर्टन वीक्स ९० वर धावचीत झाले. त्याआधीच्या लागोपाठ पाच कसोटी डावांत त्यांनी शतके काढली होती. सहावे दहा धावांनी हुकले. तो निर्णय बरोबर की चूक, यावर पुढे कित्येक वर्षे शाई खर्ची पडली.

रेग्यांच्या पंधरा धावांवर मात्र कोणी वाद घातला नाही. भारताचे डाव २४५ आणि १४४ वर आटोपले. दुसऱ्या डावात रेगे शून्यावर बाद झाले. एक डाव व १९३ धावांनी झालेला हा पराभव त्या मालिकेतला एकुलता एक निकाल ठरला. पाचव्या कसोटीच्या संघात रेगे नव्हते. पुढेही ते कधी दिसले नाहीत.

आमच्या सरकारी नोकरीत उमेदवारीचा काळ दोन वर्षांचा असतो आणि तो वाढवूनही मिळतो. फलंदाजाची उमेदवारी एका चेंडूत संपते. अमेरिकेतल्या बेसबॉलवाल्यांत अशा अल्पायुषी खेळाडूविषयी बोलण्याची एक तऱ्हा आहे: वरच्या श्रेणीत तो ‘कपभर कॉफी’ घेऊन गेला, असे म्हणतात. रेग्यांना ती कॉफी निदान मद्रासेत मिळाली!

ही कथा येथेच संपती तर आम्ही लेखणी उचललीच नसती. चेपॉकनंतर सुमारे पाचच आठवड्यांनी, मार्च १९४९ मध्ये, पुण्यास रणजी करंडकाचा उपांत्य सामना झाला. मुंबई विरुद्ध महाराष्ट्र, सात दिवस, नऊ शतके आणि २३७६ धावा. मुंबईने ६५१ केल्या. उत्तरादाखल महाराष्ट्राने ४०७, त्यांत रेग्यांच्या १३३. मग मुंबईने आणखी ७१४ धावा काढून महाराष्ट्रापुढे ९५९ चे आव्हान ठेवले. आव्हान कसले, ती थट्टाच होती. तरीही महाराष्ट्राने ६०४ पर्यंत मजल मारली, आणि रेग्यांनी पुन्हा १०० धावा काढल्या. ज्या फडकरांच्या सोबतीने ते मद्रासेस खेळले होते, तेच फडकर येथे समोरच्या बाजूस दोन शतके काढीत होते. पराभूत संघातल्या सलामीवीराची दोन शतके त्या गर्दीत कोण मोजणार?

निवड समितीस दोष देण्याचा आमचा अधिकार नाही, आणि पंधरा व शून्य हे आकडे काही बोलके नव्हेत असेही नाही. पण डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यातच महाराष्ट्राकडून नाबाद ४४३ धावा काढणाऱ्या भाऊसाहेब निंबाळकरांना एकही कसोटी लाभली नाही, हे आठवले की रेग्यांच्या त्या एका कसोटीकडे आम्ही निराळ्या नजरेने पाहू लागतो. ४४३ धावांना जे मिळाले नाही ते त्यांना मिळाले. १३३ आणि १०० हे आकडे थोडे आधी येते तर आणखी मिळाले असते काय, हा विचार मात्र मनातून जात नाही. येथे पाच आठवड्यांचाच प्रश्न होता.

फेब्रुवारी १९५२ मध्ये भारताने आपला पहिला कसोटी विजय मिळविला तो याच चेपॉकवर. कर्णधार विजय हजारे होते, विनू मंकड यांनी सामन्यात बारा बळी घेतले, फडकरही होते. १९४९ चा पराभव सोसलेली ही मंडळी होती. रेगे त्यांत नव्हते. १६ डिसेंबर २०१३ रोजी वयाच्या एकोणनव्वदाव्या वर्षी ते मुंबईस निवर्तले.