अब्बांच्या डब्यातले निकेल

अमेरिकेत पाच सेंटच्या नाण्याला ‘निकेल’ म्हणतात. नावाला निकेल, पण १८६६ पासून आजवर त्यात निकेल चौथा हिस्साच, बाकी तांबं. मधली युद्धाची वर्षं तेवढी वेगळी.

मरहूम अब्बांनी न्यू जर्सीत बारा वर्षं एका किराणा दुकानाचा गल्ला सांभाळला. गल्ल्यात जुनं नाणं आलं की ते मालकाला दाखवायचे, त्याने हो म्हटलं की स्वतःचे पाच सेंट आत टाकून ते उचलायचे. अशी एक्केचाळीस नाणी बिस्किटांच्या डब्यातून आमच्यापर्यंत आली. वाटणीला बसलो तेव्हा कळलं, की ही नगावर मोजून चालणार नाहीत. अम्मीचा आठवा हिस्सा, आपाचा हक्क, सगळं नीट द्यायचं तर आधी एकेक नाणं ओळखायला हवं.

युद्धातली सात लगेच सापडली. दुसऱ्या महायुद्धात निकेल लष्कराला हवं होतं, म्हणून १९४२ ते १९४५ या काळात नाण्यात ३५ टक्के चांदी घातली. सोबत तांबं आणि थोडं मँगनीज. मागच्या बाजूला जेफरसनचं घर आहे, त्याच्या घुमटावर टांकसाळीचं मोठं अक्षर असलं की समजायचं, हे चांदीवालं.

१८८३ चं एकच आहे, ते अब्बांनी विकत घेतलेलं. त्यावर रोमन पाचाचा आकडा आहे, ‘सेंट’ हा शब्दच नाही. लबाडांनी त्याला सोन्याचा मुलामा देऊन पाच डॉलरचं म्हणून खपवलं. सरकारने त्याच वर्षी शब्द घातला. पण बिनशब्दाची नाणी लोकांनी इतकी जपून ठेवली, की आज तीच स्वस्त मिळतात. जुनं तितकं महाग, हा आमचा समज तिथेच संपला.

आमचा जीव अडकला तो १९१३ ते १९३८ च्या ‘बफेलो’ नाण्यांत. एका बाजूला अमेरिकेतला मूळ रहिवासी, दुसऱ्या बाजूला बायसन. शिल्पकार जेम्स अर्ल फ्रेझर. तारीख उंचवट्यावर कोरलेली, त्यामुळे वापरात तीच आधी झिजते आणि भाव पडतो. उलट १९३७ साली डेन्व्हरच्या टांकसाळीत साचा जास्त घासला गेला, बायसनचा एक पाय उडाला, आणि त्या तीन पायांच्या नाण्याला भरपूर पैसे मिळतात! अर्थात पाय टांकसाळीतच गेलेला हवा. घरी खरवडून तो घालवणारेही आहेत. आमच्या सगळ्यांचे चारही पाय शाबूत.

भाचा चिंच घेऊन चकाकी आणायला आला होता, त्याला थांबवलं. घासलेलं नाणं पारखी माणूस लगेच ओळखतो.

बफेलोंपैकी नऊंची तारीख साफ पुसलेली, हिशेबात किंमत नगण्य. आपाने तीच मागून घेतली. धाकट्याने त्यातलं एक हळूच खिशात घातलं, तर तिने मोजून परत घेतलं.