सभेचें दार

सेवानिवृत्त झाल्यापासून आमच्या गांवच्या नगरपरिषदेच्या सभेस जाऊन मागच्या बांकावर बसण्याचा परिपाठ मीं ठेविला होता. ‘तिथें ना पगार, ना मत, मग जाणें कशाला?’ असें सौ. थट्टेनें विचारी. आयुष्यभर मुलांस नागरिकशास्त्र शिकविलें, तें खरें कीं खोटें हें पाहावयास जातों, असें मी उत्तर देत असें. 1965 च्या कायद्यानें ही सभा, कांहीं अपवाद सोडल्यास, जनतेस खुली ठेविली आहे. दाराशीं कोणी परवाना विचारीत नसे, हेंच मला त्या बांकाचें भूषण वाटे.

मार्च 2020 मध्यें करोनाची साथ आली आणि सभागृहास कुलूप लागलें. जुलैमध्यें शासनानें नागरी संस्थांस दूरदृश्य प्रणालीनें सभा घेण्यास सांगितलें. तें योग्यच होतें. साथ आली म्हणून नळ आणि गटारें यांचे प्रश्न थांबत नाहींत. परंतु सभेची लिंक सभासदांपुरतीच होती. मीं कचेरींत विचारणा केली, तों ‘मास्तर, ही सभासदांची सभा,’ असें उत्तर मिळालें. अखेर सभासद झालेल्या एका जुन्या विद्यार्थ्यानें ती मला गुपचूप पाठविली.

चिरंजिवांच्या मोबाइलवर मीं सभा ऐकूं लागलों. मंडई गांवाबाहेर हलविण्याचा विषय निघाला. एक सभासद विरोध करूं लागले, तोंच त्यांचा आवाज तुटला. क्षणभर थांबून विषय मंजूर झाल्याचें जाहीर झालें. ‘अहो, ते बोलत होते!’ हे शब्द माझ्या ओठांवर आले. पण मी गप्प बसलों. बोललों असतों तर त्या विद्यार्थ्याचें नांव उघड झालें असतें. दुसऱ्या दिवशीं दारावरच्या भाजीवालीनें विचारलें, ‘मास्तर, मंडई हलवनार म्हनं, खरं का?’ मला मान खालीं घालावी लागली.

दोष यंत्राचा म्हणावा, तर माझी कन्या इंग्लंडांत असते. तिचा अनुभव निराळा. तेथें 4 एप्रिल 2020 पासून स्थानिक संस्थांस दूरस्थ सभांची मुभा मिळाली. पण सभासदांचें बोलणें जनतेस ऐकूं आलें पाहिजे, अशी अट नियमांतच होती. कन्या स्वयंपाक करतां करतां गांवची सभा ऐके. शेजारच्या अपंग आजीबाईंनीं तर आयुष्यांत प्रथमच सभा ऐकली. 7 मे 2021 पासून ती मुभा संपली आणि आजीबाईंची सभाही संपली. म्हणजे हेंच यंत्र एके ठिकाणीं दार होतें, दुसऱ्या ठिकाणीं भिंत.

जींत सर्वजण एकत्र शोभतात ती सभा, अशी जुने टीकाकार या शब्दाची व्युत्पत्ति देतात. मला आतां एवढेंच कळतें कीं, जी कोणाच्या उपकारानें ऐकावी लागते ती सभा खुली नव्हे. हक्कानें ऐकणाराच हक्कानें बोलूं शकतो. उपकारानें ऐकणारा मिंधा होतो. संकटांत भिंती बदलाव्या लागतील, पण दार कोठें ठेवावयाचें हें आधीं ठरलें पाहिजे.

पुढें सभागृह उघडलें, त्या दिवशीं मी भाजीवालीस बरोबर घेऊन गेलों. टोपली बाहेर ठेवून ती बांकाच्या कडेस संकोचानें बसली आणि हळूच म्हणाली, ‘हितं कुनीबी बसावं व्हय?’

‘कोणीही,’ मीं म्हटलें. आणि या वेळीं मान वर होती.