खुली जागा

यंदा आमच्या वस्तीत एक नवा खेळ आला. त्याचे नाव डिस्क गोल्फ. नाव ऐकून कुणी बिचकू नये. मी स्वतः आधी बिचकलोच होतो. गोल्फ म्हटले की डोळ्यांपुढे शंभर-सव्वाशे एकर हिरवळ, पांढरे बूट घातलेले साहेब आणि त्यांची काठ्यांची पिशवी खांद्यावर वाहणारा पोऱ्या एवढेच येते. आमच्या बीड जिल्ह्यात दसरा-दिवाळी झाली की वस्तीतली कितीतरी घरे कुलूप लावून कोयता घेऊन उसाच्या फडावर जातात. गायरानाच्या तुकड्यासाठी आमच्या आजोबांची पिढी १९६४ साली कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या हाकेला ओ देऊन तुरुंगात गेली. त्यांच्या नातवंडांनी गोल्फ खेळावा, ही मला थट्टाच वाटली.

हा खेळ आणला माझ्या भाच्याने. पोरगा शिकला, पुण्यात कंपनीत लागला, कंपनीने त्याला सहा महिने अमेरिकेत पाठवले. परत आला तो बॅगेत चार चकत्या घेऊन. मी म्हणालो, "अरे, एवढ्या लांब गेलास आणि ताटल्या आणल्यास का?"

तो म्हणाला, "मामा, तिथं मी राहायचो त्याच्याजवळ एक सार्वजनिक बाग होती. तिकीट नाही, सभासदत्व नाही, कुणी नाव विचारत नाही. बागेतच झाडांमधून खांब रोवलेत. रविवारी जायचं, आपल्या हातातली चकती फेकायची. माझ्यासंगं एक बस ड्रायव्हर खेळायचा आणि एक रिटायर मास्तर."

नाव विचारत नाही, हे वाक्य माझ्या मनात बसले.

खेळ सोपा आहे. एका ठरावीक जागेवरून चकती फेकायची. समोर पन्नास-शंभर पावलांवर लोखंडी खांब असतो. खांबाला वर साखळ्या लोंबतात आणि खाली टोपली असते. चकती साखळ्यांवर आदळली की तिचा जोर मोडतो आणि ती टोपलीत पडते. पहिल्या फेकीत पोहोचली नाही, तर जिथे पडली तिथे जाऊन तिथूनच पुढे फेकायची. ज्याच्या फेकी कमी, तो जिंकला. अमेरिकेत एड हेड्रिक नावाच्या माणसाने १९७५ साली कॅलिफोर्नियातील ओक ग्रोव्ह या सार्वजनिक उद्यानात याचा पहिला कायमचा मार्ग आखला. तेव्हा नुसते खांबच होते. साखळ्या आणि टोपली त्याने नंतर बसवली. चकती वीतभर रुंद आणि पावणेदोनशे ग्रॅमच्या आत-बाहेर वजनाची असते. तिला मनगटाने गिरकी दिली तरच ती सरळ जाते. नुसत्या दांडगाईने फेकली की कलंडते. म्हणूनच पहिल्या दिवशी आमच्या तालमीतल्या पोरांपेक्षा आमची नववीतली थोरली लेक पुढे गेली.

आता जागेचे सांगतो. आमच्या वस्तीला लागून एक लेआऊट पडलेला आहे. मोठा लेआऊट मंजूर करताना साधारण दहा टक्के जमीन खुली जागा म्हणून सोडावी लागते, हे कारकुनी करताना मला ठाऊक झाले होते. नकाशात ती जागा हिरव्या रंगात होती. प्रत्यक्षात तिथे वेडी बाभूळ, कचरा आणि मोकाट डुकरे होती. पाऊण एकराची ती जागा आम्ही दहा वर्षे येता-जाता पाहत होतो आणि नाकाला रुमाल लावत होतो. ती आपलीही आहे, हे कुणाच्या मनात आले नव्हते.

आम्ही रीतसर अर्ज केला, त्यावर आवक क्रमांक घेतला, तीन वेळा हेलपाटे घातले आणि परवानगीचे पत्र मिळवले. मग चार रविवार विहारात वंदना झाली की त्रिसरण-पंचशील घेऊन सगळे तिथे जाऊ लागलो. बायकांनी बाभळी तोडल्या, पोरांनी काचा वेचल्या. दोन कडुनिंब आणि एक गुलमोहर राखला. वस्तीतल्या वेल्डिंगवाल्या भावाने भंगारातून सायकलीच्या रिमा आणल्या. लोखंडी पाइपाच्या डोक्यावर रिम, रिमेला साखळ्या आणि खाली तळाला भोके पाडलेले घमेले. ज्या घमेल्याने आमच्या आयाबहिणींनी आयुष्यभर वाळू-खडी वाहिली, तेच घमेले टोपली झाले. जागा लहान, म्हणून सहाच खांब बसवले. एकाला सातशे, सहाला चार हजार दोनशे रुपये खर्च आला. वर्गणी चार हजार सहाशे पन्नास जमली. उरलेल्या साडेचारशेतून पाण्याचा रांजण आणि दोन डाव आणले. बी.कॉम. झालेल्या माणसाला हिशेब सांगितल्याशिवाय राहवत नाही.

पहिल्याच रविवारी आम्ही खेळत असताना एक गृहस्थ फिरायला आले होते ते थांबले. म्हणाले, "कुन्या वस्तीची पोरं हायेत ही? इथं खांब कुणाला इचारून ठोकले?"

मी खिशातून परवानगीचे पत्र काढले. त्यांनी ते चष्मा लावून दोनदा वाचले आणि काही न बोलता निघून गेले. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मलाही छाती फुगल्यासारखी वाटली. पण त्या प्रश्नाने मला तीस-पस्तीस वर्षे मागे नेले.

लहानपणी आमच्या खेड्यात मारुतीच्या पारासमोर मोठे पटांगण होते. तिथे क्रिकेट चाले. आम्हा वस्तीतल्या पोरांना खेळायला घेत. नाही असे नाही. पण आमच्या वाट्याला फिल्डिंगच. नाल्यात गेलेला चेंडू आणायचा, काटेरी कुंपणात गेलेला चेंडू आणायचा. बॅट त्यांची, स्टंप त्यांचे, आमची पाळी येईपर्यंत अंधार पडलेला असे. अख्ख्या शाळकरी वयात मी पारासमोर बॅट हातात धरली नाही. नवीन पोरगा आला की पहिला प्रश्न एकच असे: "तू कुठला रे?" म्हणजे कुठल्या गावचा नव्हे, गावाच्या कुठल्या बाजूचा.

पुढे मोठेपणी पी. बाळू यांच्याविषयी वाचले. चांभार समाजात जन्मलेला हा गोलंदाज पुण्यातील गोऱ्यांच्या क्लबात महिना चार रुपयांवर कामाला होता. साहेबांना सरावासाठी तासन्‌तास चेंडू टाकायचा. बॅट मात्र त्याच्या हाती द्यायची नाही. हिंदूंच्या संघात घेतले तेव्हाही चहा पॅव्हेलियनबाहेर, मातीच्या भांड्यात. याच बाळूने १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात ११४ बळी घेतले. पुढे १९३७ च्या निवडणुकीत ते काँग्रेसकडून बाबासाहेबांच्या विरोधात उभे राहिले आणि हरले, तो भाग निराळा. पण ते चार रुपये आणि ते मातीचे भांडे वाचताना मला आमचे पटांगण आठवले.

महाडचा इतिहास आपल्या घराघरात ठाऊक आहे. तरी एक गोष्ट मी कारकून म्हणून सांगतो. मुंबई कायदे कौन्सिलात बोले यांचा ठराव १९२३ साली मंजूर झाला. महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव केला. म्हणजे कागद तयार होता, सही-शिक्का होता. तरी तीन वर्षे तळ्याकडे कुणी फिरकू शकले नाही. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी ओंजळ भरली, तेव्हा त्या कागदात जीव आला. त्यानंतरही कोर्टकचेरी चालली आणि हायकोर्टाचा निकाल १९३७ साली लागला. सार्वजनिक हा शब्द कागदावर लिहून भागत नाही. तिथे पाय ठेवावा लागतो, रोज ठेवावा लागतो. आमच्या पाऊण एकराची महाडशी बरोबरी करण्याचा वेडेपणा मी करणार नाही. पण नकाशातली हिरवी जागा आणि पायाखालची जागा यांतले अंतर मला तेव्हा नीट कळले.

इथपर्यंत लेख लिहून थांबलो असतो तर माझीच शोभा वाढली असती. पण खरे ते सांगितले पाहिजे.

तिसऱ्या की चौथ्या रविवारी खेळायला गर्दी झाली. चकत्या चार, पोरे पंचवीस-तीस. पलीकडच्या गल्लीतली, नाल्याकाठच्या पालातली, मोहल्ल्यातली पोरेही कडेला येऊन उभी राहू लागली. आमच्यातले एक-दोघे कुरकुरले, "वर्गणी आपली, मेहनत आपली. ह्यांनी फुकट का खेळावं?" मी त्यांना काही बोललो नाही. तेवढ्यात एक दहा-बारा वर्षांचा पोरगा, पायात एक निळी आणि एक काळी चप्पल, घमेल्यात पडलेली चकती उचलून न्याहाळू लागला. माझ्या तोंडून निघून गेले, "ए, ठेव ते! कुठला हायेस रे तू?"

पोरगा दचकला. चकती त्याने फेकली नाही, हळूच खाली ठेवली. "इथलाच," एवढे म्हणाला आणि निघून गेला. मागे वळून पाहिले नाही.

मी पुढची पाळी घ्यायला वळलो तर थोरली माझ्याकडे बघत उभी होती. म्हणाली, "पप्पा, तुम्ही गावाकडच्या पाराची गोष्ट आम्हाला सांगता ना? आज तुम्ही त्या पोराला तेच विचारलंत."

मी रागावलो. म्हणालो, "मी जात विचारली का त्याला?"

ती म्हणाली, "त्या लोकांनी तरी तुम्हाला जात कुठं विचारली होती? कुठला रे, एवढंच विचारलं होतं."

वाचकहो, पंधरा वर्षे मी चळवळीत आहे. जयंतीला भाषणे केली, मोर्चे काढले, शाळाशाळांतून समतेवर बोललो. त्या दिवशी माझ्या मुलीपुढे मला उत्तर सापडले नाही. परवानगीचे पत्र खिशात ठेवून मी पाराचा मालक कधी झालो, ते माझे मलाच कळले नव्हते. रात्री जेवण गेले नाही. पत्नीने कारण विचारले, तिला सांगितले. ती म्हणाली, "मग उद्या सकाळी जाऊन बोलवून आणा. इथं बसून काय होतंय?"

दुसऱ्या दिवशी ऑफिसला जाण्याआधी मी चौकशी करीत गेलो. पोराचे आई-बाप पश्चिम महाराष्ट्रात ऊसतोडीला गेलेले. पोरगा शाळेसाठी आजीजवळ ठेवलेला. पत्र्याच्या खोलीत म्हातारी चुलीपुढे बसली होती. मला पाहून घाबरली. "काय केलं का हो ह्यानं?"

मी म्हणालो, "आजी, ह्यानं काही केलं नाही. मीच केलं. त्याला खेळायला बोलवायला आलोय." पोरगा दाराआड उभा होता. त्याच्याकडे पाहून म्हणालो, "बाळा, माझं चुकलं. रविवारी ये." त्याची जात कोणती, हे मी विचारले नाही. तुम्हालाही ते कळण्याचे कारण नाही.

रविवारी तो आला. त्याची पहिली चकती थेट कडुनिंबात अडकली, दुसरी कुंपणापाशी जाऊन पडली. पोरे हसू लागली. या खेळात एक नियम आहे. टोपलीपासून ज्याची चकती सर्वांत लांब पडली असेल, त्याची पाळी आधी. तो लांब, म्हणून पुन्हा तोच फेकणार. पुन्हा कमी पडली, पुन्हा तोच. आमच्यातला एक पोरगा ओरडला, "काका, ह्यालाच किती वेळा?"

माझ्या आधी थोरली बोलली, "जो मागं राहिला त्याची पाळी आधी. नियमच तसा हाये. पुढं आला की येईल तुझी."

मी हातातल्या वहीत फेकी मांडत होतो. या खेळात पंच नसतो. ज्याने त्याने आपल्या फेकी मोजायच्या आणि खऱ्या सांगायच्या. त्या पोराला विचारले, किती झाल्या? तो बोटे मोजून म्हणाला, "नऊ." मी आठच मोजल्या होत्या. एक माझ्या नजरेतून सुटली होती, ती त्याने स्वतः सांगितली. वंदनेत आपण रोज चौथे शील म्हणतो. ते पाठ नसलेल्या पोराने ते पाळले. मी त्याच्या नावापुढे नऊ लिहिले.

पुढच्या बैठकीत आम्ही ठराव केला: येईल त्याने खेळावे, चकती परत घमेल्यात ठेवावी, कुणी कुणाला कुठला म्हणून विचारू नये. मुलींसाठी पहिला तास राखून ठेवला, कारण गर्दी झाली की त्याच आधी घरी जातात. हा ठराव वहीत लिहिला आहे. पण ठराव कागदावर राहतो हे वर मीच लिहिले आहे. म्हणून दर रविवारी तिथे जाऊन उभे राहतो.

बंधू-भगिनींनो, तुमच्या वस्तीलगतही अशी एखादी खुली जागा असेल. लेआऊटचा नकाशा पाहा. मिळत नसेल तर माहितीच्या अधिकारात दहा रुपये भरून त्याची प्रत मागा. अर्ज द्या, आवक क्रमांक घ्या, कचरा उचला. खेळ कोणताही असू द्या. लगोरी असो, कबड्डी असो, नाहीतर ही घमेल्याची टोपली असो. हक्क सांगून जागा मिळते. शील असेल तर ती खुली राहते. मी हे पुस्तकातून शिकलो नाही, नववीतल्या मुलीकडून शिकलो, आणि ते सांगायला मला लाज वाटत नाही.

ऊसतोड संपून त्या पोराचे आई-बाप परत आले की त्यांनाही एका रविवारी बोलावणार आहे. त्याच्या फेकी आता नवावरून पाचावर आल्या आहेत. माझ्या अजून सहाच आहेत.

जयभीम.