ऑक्टोबरचा दुसरा सोमवार

‘अमेरिकेचा शोध कोणी लावला?’ हा शाळेत एका मार्काचा प्रश्न होता. उत्तर पाठ होतं. कोलंबस, १४९२. त्याच्याच खाली ‘विजेच्या दिव्याचा शोध कोणी लावला?’ असायचं आणि तिथे एडिसन लिहायचं. दोन्हीकडे क्रियापद एकच, ‘शोध लावणे’. मराठीत नवीन वस्तू बनवली तरी शोध लावतात आणि आधीपासून असलेली गोष्ट सापडली तरी शोधच लावतात. पोलीसही चोराचा शोध लावतात. फरक इतकाच की चोर कुठे आहे हे निदान चोराला आधीपासून माहीत असतं.

अमेरिकेचंही तसंच होतं. १२ ऑक्टोबर १४९२ रोजी कोलंबस ज्या बेटावर उतरला, तिथल्या लोकांना आपण कुठे आहोत हे पक्कं माहीत होतं. ते त्या बेटाला ग्वानाहानी म्हणत. नकाशात चुकला होता तो कोलंबस. पृथ्वी त्याने प्रत्यक्षापेक्षा बरीच लहान धरली होती, आणि १५०६ मध्ये मरेपर्यंत आपण आशियालाच पोचलो असं तो म्हणत राहिला.

हे सगळं मी हौसेने वाचलं असं नाही. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, आणि हा विषय माझ्याकडे एका तिकिटातून आला. आमचं प्रॉडक्ट कंपन्यांच्या रजा आणि हजेरी सांभाळतं. त्यात सुट्ट्यांचं एक साधं टेबल आहे : तारीख, देश, सुट्टीचं नाव. दोन वर्षांपूर्वी एका अमेरिकन ग्राहकाने लिहिलं, ‘ऑक्टोबरच्या दुसऱ्या सोमवारचं नाव बदला, आमच्याकडे आता कोलंबस डे म्हणत नाहीत.’ आठवड्याभरात दुसऱ्या ग्राहकाचं तिकीट आलं, ‘आमच्या कॅलेंडरमध्ये कोलंबस डे दिसलाच पाहिजे.’ दोन्ही तिकिटं माझ्या नावावर.

मी शोधायला बसलो आणि टेबलची वाट लागली. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात नाव अजून कोलंबस डेच आहे. साउथ डकोटा राज्याने १९९० मध्येच ते बदलून नेटिव्ह अमेरिकन्स डे केलं. कॅलिफोर्नियातल्या बर्कली शहराने १९९२ मध्ये, कोलंबसला पाचशे वर्षं होताना, इंडिजिनस पीपल्स डे म्हणजे मूळ रहिवाशांचा दिवस सुरू केला आणि नंतर कितीतरी शहरं-राज्यं त्या वाटेने गेली. हवाईमध्ये हा डिस्कव्हरर्स डे, आणि तिथे मान त्या बेटांवर होड्यांतून आलेल्या पॉलिनेशियन दर्यावर्दींचा. अमेरिकेबाहेर १२ ऑक्टोबर बघावा तर स्पेनमध्ये तो राष्ट्रीय दिन, अर्जेंटिनात सांस्कृतिक विविधतेच्या आदराचा दिवस आणि व्हेनेझुएलात चक्क मूळ रहिवाशांच्या प्रतिकाराचा दिवस. घटना एक, नावं इतकी.

चहाला हा विषय निघाला आणि टीममध्ये लगेच पार्ट्या पडल्या. एक म्हणाला, शेवटी जगाला कळलं ते कोलंबसमुळेच. दुसऱ्याने व्हायकिंगांवरची मालिका बघितली होती, त्यामुळे तो व्हायकिंगांच्या बाजूने. तिसऱ्याने पुराणातलं पाताळ म्हणजेच अमेरिका, असा फॉरवर्ड वाचून दाखवला. टेस्टिंगमधली आमची मैत्रीण शेवटी म्हणाली, “त्या दिवशी ऑफिस बंद असतं की चालू, तेवढं सांगा. मला केस लिहायची आहे.”

तिची केस लिहून झाली, पण माझ्या डोक्यातून वाद जाईना. म्हणून एकेक दावा नीट बघितला.

व्हायकिंगांचा दावा पक्का आहे. कॅनडात न्यूफाउंडलँडच्या उत्तर टोकाला लान्स ओ मेडोज नावाचं गाव आहे. १९६० मध्ये हेल्गे इंगस्टाड हा नॉर्वेजियन संशोधक तिथे पोचला आणि त्याची पुरातत्त्वज्ञ पत्नी ॲने स्टिने हिने पुढे तिथे उत्खनन करून हजारेक वर्षांपूर्वीची व्हायकिंगांची घरं उजेडात आणली. त्यांना ते उंचवटे दाखवले गावातल्याच जॉर्ज डेकरने. गावकरी त्या जागेला इंडियनांचा जुना तळ समजत होते. म्हणजे इथेही ‘शोध लागला’ तेव्हा जागा गावाला माहीतच होती.

२०२१ मध्ये त्या जागेला नेमकं वर्षही मिळालं. इसवी सन ९९३ मध्ये अवकाशातून पृथ्वीवर किरणांचा मोठा मारा झाला होता आणि त्याची खूण जगभरच्या झाडांच्या त्या वर्षीच्या कड्यात राहिली आहे. लान्स ओ मेडोजला धातूच्या हत्याराने तोडलेले लाकडाचे तुकडे मिळाले होते. संशोधकांनी त्यांत ते कडं शोधलं आणि तिथून सालीपर्यंतची कडी मोजली. अठ्ठावीस भरली. झाड तोडलं १०२१ मध्ये. लॉगमधल्या एका ठाऊक ओळीवरून बाकीच्या ओळींची वेळ काढावी, तसंच हे. मला हे वाचून इतका आनंद झाला की मी टीमच्या ग्रुपवर टाकलं. व्हायकिंग पार्टीने मनापासून थम्स अप दिला.

पॉलिनेशियन लोकांचा पुरावा रताळ्यात आहे. रताळं मूळचं अमेरिकेतलं, पण युरोपियन जहाजं येण्याआधीच पॅसिफिकच्या बेटांवर ते पिकत होतं. माओरी भाषेत त्याला कुमारा म्हणतात आणि दक्षिण अमेरिकेच्या क्वेचुआ भाषेतही त्याच्याशी जुळणारा शब्द आहे. २०२० मध्ये डीएनएवरून दिसलं की साधारण १२००च्या सुमाराला पॉलिनेशियन आणि अमेरिकन लोकांचा संबंध आला होता. कोण कोणाकडे गेलं यावर वाद आहे, पण भेट झाली होती.

पाताळवाल्या फॉरवर्डबद्दल मी एवढंच म्हणेन : आपले लोक तिकडे जाऊन परत आले असते, तर येताना मिरची आणली नसती का? ती आपल्याकडे आली पोर्तुगीजांच्या काळात. त्याआधी आपलं तिखट मिरी आणि पिंपळीवर चालायचं, आणि नव्या पाहुणीचं नावही आपण मिरीवरूनच ठेवलं.

या सगळ्यांच्या कितीतरी आधी न्यू मेक्सिकोतल्या व्हाइट सँड्सला, आटून गेलेल्या तळ्याच्या काठी, माणसांची पावलं उमटली आहेत. २०२१ मध्ये त्यांचं वय २१ ते २३ हजार वर्षं काढलं गेलं. बियांवरून काढलेल्या त्या वयावर शंका आल्या, तेव्हा २०२३ मध्ये परागकण आणि वाळूचे कण तपासले, आणि उत्तर तेच आलं. ती पावलं बहुतेक लहान आणि किशोरवयीन मुलांची आहेत. आपण कुठल्या खंडाचा शोध लावतोय, हे त्या मुलांच्या गावीही नसणार.

एवढं वाचल्यावर मला वादातला गोंधळ दिसला. एकाच कॉलममध्ये तीन वेगळे प्रश्न कोंबलेले आहेत. तिथे आधी कोण पोचलं? परत येऊन जगाला कोणी सांगितलं? आणि कोणाचं सांगणं कागदावर खरं धरलं गेलं? पहिल्याचं उत्तर ती पावलं. दुसऱ्याचं उत्तर कोलंबस, कारण त्याचं पत्र १४९३ मध्येच छापलं गेलं आणि युरोपभर फिरलं. व्हायकिंगांच्या कथा उत्तरेतच राहिल्या. टेबलमध्ये मी नावाचा एकच रकाना काढून प्रत्येक राज्याला आपलं नाव ठेवता येईल अशी सोय केली. दोन्ही तिकिटं बंद झाली.

तिसऱ्या प्रश्नाने मात्र झोप उडवली.

‘पहिला कोण’ हे ठरवून मिळतं काय? काही जणांना मान मिळतो, आणि तो मान मागण्यामागे दुखणं असतं. १४ मार्च १८९१ रोजी न्यू ऑर्लिन्समध्ये जमावाने अकरा इटालियनांना ठार मारलं. पुढच्या वर्षी राष्ट्राध्यक्ष हॅरिसन यांनी कोलंबसच्या चारशे वर्षांचा उत्सव देशभर जाहीर केला. उपरे म्हणून हिणवल्या गेलेल्या इटालियन स्थलांतरितांसाठी कोलंबस म्हणजे ‘आम्हीही इथलेच’ म्हणायचा आधार होता. मला तिकीट पाठवणारा दुसरा ग्राहक कदाचित त्यांच्यातलाच कोणी असेल. त्याच्यावर हसायला मला जमत नाही.

पण काही जणांना या शब्दातून जमीन मिळाली. मे १४९३ मध्ये पोप सहावे अलेक्झांडर यांनी फर्मान काढून नव्याने सापडलेला मुलूख स्पेनला दिला. इंग्रजांनी १४९७ च्या कॅबटच्या सफरीवर आपला हक्क सांगितला. आणि १८२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात जॉन्सन विरुद्ध मॅकिंटॉश हा खटला आला. एका बाजूने पियान्कशॉ लोकांकडून जमीन विकत घेतल्याचं सांगितलं, दुसऱ्याने सरकारकडून. सरन्यायाधीश जॉन मार्शल यांनी निकाल दिला की शोध लावल्यामुळे जमिनीची मालकी शोध लावणाऱ्या युरोपियन सत्तेकडे गेली, आणि तिच्याकडून ती अमेरिकेकडे आली. मूळ रहिवाशांकडे राहिली ती फक्त वहिवाट. ती जमीन ते स्वतः कोणा खाजगी माणसाला विकू शकत नव्हते.

म्हणजे ‘शोध’ हा शब्द तिथे सातबाऱ्यासारखा वापरला गेला. मालकाच्या रकान्यात शोध लावणारा, आणि हजारो वर्षं राहणारे ‘इतर अधिकार’ या रकान्यात. ही जुनी गोष्ट नाही. २००५ मध्ये ओनायडा लोकांच्या जमिनीच्या खटल्यात त्याच न्यायालयाने पहिल्याच तळटीपेत या सिद्धान्ताचा हवाला दिला. व्हॅटिकनने तो आपला नाही असं जाहीर केलं ते ३० मार्च २०२३ ला.

सातबारा आठवायला मला कारण आहे. माझे पणजोबा कूळ होते. आमच्या गावच्या ज्या अडीच एकरांत त्यांची हयात गेली, त्याच्या उताऱ्यावर त्यांचं नाव कुळाच्या रकान्यात होतं. मालक दुसरे, ते तालुक्याला राहायचे. विहिरीला पाणी कुठे लागतं, कुठल्या बांधाला साप निघतो हे पणजोबांना माहीत, आणि जमीन ‘कोणाची’ विचारलं की नाव मालकांचं. कूळ कायद्याने १ एप्रिल १९५७ पासून कसणाऱ्याला मालक मानलं, पण पैसे हप्त्याने फेडून ‘३२ म’चं सर्टिफिकेट हातात यायला घरात पुढची पिढी कर्ती झाली होती. आजी अजून तो कागद पत्र्याच्या पेटीत, लग्नाच्या शालूखाली ठेवते. कोणी पाहुणा आला की दाखवते. “आपण तिथं होतोच रे,” ती म्हणते, “फक्त लिहिलेलं नव्हतं.”

दोन्ही गोष्टी सारख्या नाहीत. आमचे मालक समुद्रापलीकडून आले नव्हते, आणि कायदा शेवटी आमच्या बाजूने आला. पियान्कशॉ लोकांचं तर न्यायालयात कोणी ऐकूनही घेतलं नाही, खटल्यात ते पक्षकारच नव्हते. पण ‘होतोच, फक्त लिहिलेलं नव्हतं’ हे वाक्य त्यांनाही कळलं असतं.

कोलंबसला जे लोक भेटले, ते ताइनो. त्याने ग्वानाहानीचं नाव बदलून सॅन साल्व्हादोर केलं आणि परतताना काही ताइनोंना पकडून सोबत नेलं. रोगराई, सक्तीची मजुरी आणि कत्तली यांनी काही दशकांत त्यांची वस्ती कोलमडली. पुढे पुस्तकांनी त्यांना नामशेष म्हणून टाकलं. पोर्तो रिकोमधली कितीतरी माणसं मात्र आपण ताइनो आहोत असं सांगत राहिली. २०१८ मध्ये बहामाच्या एका गुहेत मिळालेल्या हजार वर्षांपूर्वीच्या दाताचा डीएनए वाचला गेला, आणि त्याचं नातं आजच्या पोर्तो रिकोच्या लोकांशी जुळलं.

त्या ताइनोंच्या भाषेत रताळ्याला ‘बताता’ म्हणत. स्पॅनिश-पोर्तुगीजांनी तो शब्द उचलला, पोर्तुगीज जहाजांतून तो आपल्या किनाऱ्याला लागला आणि दुसऱ्याच एका कंदाला चिकटला. आता आषाढीला आमच्याकडे बटाट्याची उपवासाची भाजी होते, त्यात मिरची असते, दाण्याचं कूट असतं, शेजारी साबुदाणा असतो. हे सगळं अमेरिकेतल्या शेतकऱ्यांनी रानातून निवडून, लावून, पिढ्यान्‌पिढ्या सांभाळून माणसाच्या ताटात आणलं. याला मात्र ‘शोध लावला’ म्हणायला माझी हरकत नाही. त्यांची नावं कुठेच लिहिलेली नाहीत, एवढंच.