झाकणावरचे छिद्र

गंगापूर धरणाच्या मध्यावर होडीचे जुने यंत्र बंद पडले, की काठ एकाएकी फार दूर दिसू लागतो. दोरी ओढावी, ते गुरगुरते, दहा मिनिटे चालते आणि पुन्हा मान टाकते. माणसे लगेच ठिणगीवर संशय घेऊन प्लग पुसत बसतात. जाणता नावाडी आधी टाकीचे झाकण पाहतो. त्यावरचे हवेचे छिद्र बुजले, की पेट्रोल कमी होईल तशी आत पोकळी होते आणि उरलेले पेट्रोल पुढे सरकत नाही. झाकण सैल करताच यंत्र चालू राहिले, तर दोष सापडला. नाहीतर कार्बुरेटरमध्ये शिळ्या पेट्रोलचा चिकटा शोधावा.

वर्गात मध्येच अडणाऱ्या मुलाच्या बुद्धीची ठिणगी तपासण्याआधी, त्याला श्वास घ्यायला फट उरली आहे ना, एवढे पाहावे.