रक्षाकरंडक

संस्कृत शिकविण्यांत आमची उभी हयात गेली. शाकुंतलाच्या सातव्या अंकांतील पितापुत्रांच्या भेटीचा प्रसंग आम्हीं वर्षानुवर्षें विद्यार्थ्यांस समजावून दिला. परंतु त्याचें मर्म आम्हांस उमगलें तें सेवानिवृत्तीनंतर, नाशिकच्या न्यायालयाच्या आवारांत एका बाकावर बसलों असतां. आम्ही तेथें प्रतिवादीचे वडील म्हणून बसलों होतों.

मुलाचा राग घरांत सर्वांस ठाऊक होता, आणि सूनबाईवर त्याचा हात उठतो हेंहि ठाऊक होतें. मुलास आम्ही दोन वेळां रागें भरलों. सूनबाईस मात्र शंभर वेळां "जरा सांभाळून घे" म्हणून सांगितलें. घरांतील गोष्ट घरांतच राहिली म्हणजे घराण्याची अब्रू राहिली, अशी आमची समजूत होती. एके रात्रीं आमचा चार वर्षांचा नातू दाराआड उभा राहून सर्व पाहत असलेला आढळला. दुसऱ्या दिवशीं सूनबाई त्यास घेऊन पंचवटींत माहेरीं गेली, ती परतली नाहीं.

पुढें दंडाधिकाऱ्यांचा आदेश आला. नातवाचा ताबा आईकडे. बापानें महिन्यांतून दोन शनिवार, नेमून दिलेल्या जागीं, समुपदेशक बाईंच्या समक्ष दोन तास भेटावें. पोटच्या मुलास भेटावयास परवानगी आणि वर पहारा! आमचा संताप अनावर झाला. मग मास्तरकीच्या संवयीनें मूळ कायदाच काढून वाचला.

कौटुंबिक हिंसाचारापासून स्त्रियांचें संरक्षण करणारा हा अधिनियम २००५ चा. तो २६ ऑक्टोबर २००६ पासून अंमलांत आहे. त्याच्या १८ व्या कलमान्वयें संरक्षण आदेश मिळतो. तो मोडल्यास ३१ व्या कलमान्वयें एक वर्षापर्यंत कैद, वीस हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्हीहि शिक्षा होतात. २१ व्या कलमान्वयें मुलांचा तात्पुरता ताबा देतां येतो व दुसऱ्या पक्षाच्या भेटीची व्यवस्था लावतां येते. मात्र भेट मुलाच्या हितास बाधक ठरेल असें वाटल्यास न्यायालयानें ती नाकारावी, असें तेथें स्पष्ट म्हटलें आहे. कायम ताब्याचा प्रश्न निराळा. त्याविषयीं १९५६ चा हिंदु अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम मुलाचें कल्याण हेंच सर्वोपरि मानतो, आणि पांच वर्षांखालील मूल सामान्यतः आईपाशीं असावें असें सांगतो. गोव्यांतील एका दांपत्याच्या वादांत सर्वोच्च न्यायालयानें २०१५ सालीं, आई अपात्र आहे हें दाखविण्याचा भार बापावरच टाकला.

कलमें कळलीं; पण पहारा कां, तें पहिल्या शनिवारीं कळलें. नातू पायांतले बूट न काढतां दाराशींच बसला. बोलतां बोलतां आमच्या मुलाचा आवाज जरासा चढला. कारण अगदींच क्षुल्लक होतें. त्यासरशीं त्या लेकरानें दोन्ही हात डोक्यावर धरले. तें मुलानें पाहिलें, आम्हींहि पाहिलें. त्यानंतर बराच वेळ खोलींत कोणी बोललें नाहीं.

तेव्हां आम्हांस मारीचाचा आश्रम आठवला. दुष्यंताची पुत्रभेट राजवाड्यांत होत नाहीं. ती होते मुलाच्या ओळखीच्या जागीं, दोन तापसींच्या समक्ष. मुलाच्या मनगटावरील रक्षाकरंडक जमिनीवर पडला तर मातापित्यांवांचून अन्य कोणीं उचलावयाचा नाहीं. उचललाच तर तो सर्प होऊन डसतो. दुष्यंत तो उचलतो आणि निर्बाध राहतो. कालिदासाच्या ताइतास जन्माचें नातें पुरतें. आजच्या कायद्याच्या ताइतास तेवढें पुरत नाहीं, तो वर्तन पाहतो. आणि दुष्यंतानेंहि शकुंतलेच्या पायां पडून आपला अपराध कबूल केला, हें आम्ही शिकवीत होतों, शिकलों मात्र नव्हतों.

भेट हें बापाचें बक्षीस नव्हे, आईची मेहेरबानीहि नव्हे; ती मुलासाठीं आहे, आणि त्याला जेथें भय नसेल तेथेंच ती भेट म्हणावी. आपल्यासारख्या एकत्र कुटुंबांतील वडीलधाऱ्यांनीं एवढें पाळावें कीं, मुलाच्या तोंडून निरोप धाडूं नयेत, आई काय म्हणते हें त्यास विचारूं नये, आणि ठरल्या वेळीं त्याला त्याच्या आईच्या स्वाधीन करावें. आमच्या सौभाग्यवती दर खेपेस नारळाच्या वड्या देतात. निरोप एकहि देत नाहींत.

कायमचा निकाल अद्यापि लागावयाचा आहे. तो कसाहि लागो. गेल्या शनिवारीं नातवानें आपण होऊन बूट काढून ठेवले आणि बापाच्या जवळ जाऊन बसला. सूनबाई बाहेरच्या बाकावर होती. आम्हीं तिला एवढेंच म्हटलें, "त्या रात्रीं आम्हीं मध्यें पडावयास हवें होतें." ती कांहीं बोलली नाहीं. तिनें बोलावें असा आमचा अधिकारहि नव्हता.