एका बुटाची गोष्ट

'बूट' म्हटले की आपल्याला पायातले बूट आठवतात. पण मोटारीलाही बूट असतात, हे तुम्हाला ठाऊक आहे का? हे बूट रबराचे असतात. लोहाराच्या भात्याला असतात तशा त्यांना घड्या असतात. ते चाकाच्या आतल्या बाजूला, गाडीच्या पोटाखाली असतात. वाकून पाहिल्याशिवाय ते दिसत नाहीत. त्यामुळे गाडीच्या रंगाची आणि काचांची रोज काळजी घेणाऱ्या मालकाचेही या बुटांकडे लक्ष जात नाही.

मी पेशाने शिक्षक. माझा संबंध खडू, फळा आणि वह्या यांच्याशी. या बुटांशी माझी ओळख झाली ती शारजा शहरात.

आमच्या कोकणात पुष्कळ घरांतला एखादा तरी माणूस आखाती देशात कामाला असतो. माझे धाकटे मामू बऱ्याच वर्षांपासून शारजाला आहेत. तेथील औद्योगिक वसाहतीत ते एक लहानसे गॅरेज चालवतात. 2023 च्या मे महिन्यात, उन्हाळ्याच्या सुट्टीत, मी त्यांच्याकडे पंधरा दिवस राहिलो. दिवसभर घरात एकटे बसण्यापेक्षा मी मामूंबरोबर गॅरेजात जाऊन बसत असे. तेथे उर्दू, मल्याळम, पश्तो आणि अरबी अशा सगळ्या भाषा कानावर पडत. मामूंना सगळे 'उस्ताद' म्हणत. त्यांच्या हाताखाली आमच्याच तालुक्यातला एक तरुण शागीर्द होता. दहावीनंतर आयटीआय करून तो नुकताच तेथे आला होता.

एके दिवशी दुपारी एक लाल रंगाची, बसकी, देखणी गाडी गॅरेजात आली. ती जर्मनीतील पोर्शे कंपनीची '944' नावाची स्पोर्ट्स कार होती. हे मॉडेल 1982 ते 1991 या काळात तयार होत असे. म्हणजे ती गाडी वयाने तीस वर्षांहून मोठी, जवळजवळ माझ्याच वयाची होती! तिचे मालक निवृत्त अभियंते होते. दुसऱ्या दिवशी पहाटे ते पत्नीसह मस्कतला मुलाकडे निघणार होते. हा प्रवास चारशे किलोमीटरहून अधिक आहे. वाटेत वाळवंट आहे आणि डोंगरही आहेत.

गाडी धुताना त्यांना मागच्या एका चाकाच्या आतल्या बाजूला काळे ग्रीस उडालेले दिसले होते. मामूंनी गाडी जॅकवर उचलली, खाली घोड्या लावल्या आणि बॅटरी घेऊन ते आत शिरले. बाहेर येऊन म्हणाले, "साहेब, बूट फाटलाय. रबराचंही वय होतं. उन्हानं ते कडक होतं आणि घडीत चिरतं. कुठल्याही गाडीचं हेच आहे."

"एवढंच ना? मग टेप गुंडाळून द्या. परत आल्यावर बघू," साहेब म्हणाले.

मामूंनी मान हलवली. "टेप डोंगरापर्यंतसुद्धा टिकणार नाही. गाडी ठेवून जा. रात्री देतो."

साहेब गेल्यावर मी विचारले, "मामू, रबराचा एवढासा तुकडा फाटला, तर एवढी चिंता कशाला?"

मामूंनी मला समजावून सांगितले. गाडीचे इंजिन चाकाला फिरवते ते एका लोखंडी दांड्याच्या मदतीने. पण रस्ता सपाट नसतो. खड्डा आला की चाक खालीवर होते, गिअरबॉक्स मात्र आपल्या जागी असतो. मग मधला दांडा सरळ कसा राहील? म्हणून त्याच्या दोन्ही टोकांना सांधे असतात. आपल्या हाताला मनगट आणि कोपर असते, तसेच हे. या गाडीत मागची दोन चाके इंजिनाच्या जोरावर फिरतात. म्हणून तिला असे चार सांधे आणि चार बूट आहेत. मारुती 800 सारख्या गाड्यांत हेच सांधे पुढच्या चाकांपाशी असतात.

वाकूनही फिरत राहणारा सांधा माणसाला फार पूर्वीपासून माहीत आहे. सतराव्या शतकात इंग्लंडमधील शास्त्रज्ञ रॉबर्ट हूक यांनी अशा सांध्याचा अभ्यास केला होता. पण त्या जुन्या सांध्यात एक दोष होता. तो वाकला की दांडा एकसारखा फिरत नसे. प्रत्येक फेरीत दोनदा वेग वाढे आणि दोनदा कमी होई. मग गाडीला हिसके बसणारच. 1920 च्या दशकात फोर्ड कंपनीतील अभियंता आल्फ्रेड झेप्पा यांनी यावर उपाय शोधला. त्यांनी सांध्यात पोलादी गोळ्या बसवल्या. सांधा कितीही वाकला, तरी या गोळ्या दोन दांड्यांमधल्या कोनाच्या बरोबर मध्यावर राहतात. त्यामुळे दोन्ही दांडे एकाच वेगाने फिरतात. म्हणून याला समान वेगाचा सांधा म्हणतात. गॅरेजातले लोक त्याला 'सीव्ही जॉइंट' म्हणतात.

या गोळ्या ग्रीसमध्ये बुडालेल्या असतात. ग्रीस आत राहावे आणि धूळ बाहेर राहावी, म्हणून सांध्यावर रबरी बूट चढवतात. बूट फाटला की चाकाच्या वेगाने ग्रीस बाहेर उडते. मग पाणी आणि रेती आत जाते. सांधा झिजतो, 'कट-कट' असा आवाज करू लागतो आणि शेवटी तुटतो. तो तुटला तर इंजिन चालू असूनही गाडी जागची हलत नाही.

काम सुरू झाले. दांड्याच्या दोन्ही टोकांना सहा-सहा बोल्ट होते. बोल्टच्या डोक्यातले खड्डे मातीने भरलेले होते. शागीर्द लगेच पान्हा लावणार, तोच मामूंनी त्याला थांबवले. खिळ्याने एकेक खड्डा टोकरून साफ करायला लावले. पान्हा अर्धवट बसला, तर बोल्टचे डोके खराब होते आणि मग तो निघता निघत नाही. दांडा बाहेर आला. दुसऱ्या टोकाचा बूटही मामूंनी बोटांनी ताणून पाहिला. त्याच्या घड्यांत बारीक चिरा दिसल्या. "दांडा काढलाच आहे, तर हाही बदलू," असे म्हणून त्यांनी दोन नवे बूट मागवले.

दांड्याच्या टोकाची लॉकची कडी काढून सांधा वेगळा केला, तेव्हा संध्याकाळ झाली होती. उकाडा असह्य होता. शागीर्द सकाळपासून राबत होता. तो म्हणाला, "उस्ताद, जुनं ग्रीस वरच्या वर पुसतो, नवं भरतो आणि बूट चढवतो. अर्ध्या तासात गाडी तयार. आत कोण बघणार आहे?"

मामू रागावले नाहीत. त्यांनी सांध्यातले चिमूटभर ग्रीस त्याच्या बोटांवर ठेवले. "चोळून बघ. काय लागतं?"

"रेती लागते."

"ग्रीसमध्ये रेती मिसळली की काय तयार होतं?"

शागीर्द क्षणभर थांबला. मग हळूच म्हणाला, "व्हॉल्व घासायची पेस्ट."

"लोखंड घासून काढते ती पेस्ट सांध्यात ठेवून तू त्या म्हाताऱ्या माणसांना डोंगरात पाठवणार?"

शागीर्दाने काही उत्तर दिले नाही. त्याने डिझेलचे तसराळे ओढले आणि तो सांधा खोलू लागला. त्याआधी मामूंनी कोणता भाग कोणत्या बाजूने बसतो, याच्या खुणा करून घेतल्या. भाग उलटे बसले, तर सांधा वळतच नाही. सहा गोळ्या त्यांनी एका फडक्यावर क्रमाने मांडल्या. जी गोळी ज्या खाचेतून निघाली, तिला त्याच खाचेत परत जायचे होते.

आठ वाजता साहेबांचा फोन आला. मामूंनी सांगितले, "अजून दोन-तीन तास लागतील." साहेब नाराज झाले. पलीकडचा चढलेला आवाज मलाही ऐकू आला. मामूंनी शांतपणे तेच वाक्य पुन्हा सांगितले आणि फोन ठेवला.

धुतल्यावर खाचा चकाकू लागल्या. मामूंनी प्रत्येक खाचेतून नख फिरवले. "नख अडकलं, तर सांधा गेला असं समज," ते मला म्हणाले. सहाही खाचांत नख कुठेच अडकले नाही. रेती गेली होती, पण तिने अजून घाव केला नव्हता. नंतर त्यांनी नवे काळे ग्रीस बोटांनी प्रत्येक गोळीभोवती दाबून भरले. थोडे बुटातही भरले. क्लॅम्प आवळण्यापूर्वी बुटाची कड किंचित उचलून आत कोंडलेली हवा सोडून दिली. बोल्ट आणि त्यांच्या जागा अगदी कोरड्या पुसून मगच ते कसले. दुसऱ्या टोकाच्या सांध्याचेही असेच केले.

अकरा वाजता साहेब आले. ते नवीन सांध्यांचे पैसे द्यायच्या तयारीने आले होते. मामू म्हणाले, "सांधे चांगले आहेत. दोन बूट, ग्रीस आणि मजुरी, एवढेच द्या. मात्र परत आल्यावर गाडी घेऊन या. बोल्ट पुन्हा तपासायचे आहेत."

साहेबांनी गाडीखाली वाकून पाहिले. त्यांना काय दिसणार? दोन काळे बूट, बाकी काही नाही. आतल्या धुतलेल्या खाचा आता त्यांना कधीच दिसणार नव्हत्या.

आठवड्याने ती लाल गाडी परत आली. शागीर्द स्वतःहून पान्हा घेऊन गाडीखाली गेला. बाराही बोल्ट त्याने एकेक करून तपासले. एकही ढिला झाला नव्हता. साहेबांनी मस्कतहून हलव्याचा डबा आणला होता. मामूंनी तो उघडून पहिला तुकडा शागीर्दाच्या हातावर ठेवला.

मुलांनो, तुमच्यापैकी पुष्कळ जण पुढे काही ना काही कारागिरी शिकतील. कोणी विजेच्या तारा भिंतीत टाकेल, कोणी कपड्याला अस्तर लावेल, कोणी नळ जोडेल. या प्रत्येक कामात एक भाग असा असतो, की तो झाकला गेल्यावर पुन्हा कोणाला दिसत नाही. तो भाग गिऱ्हाईक आपल्या भरवशावर सोडून जातो. आमच्या मामूंच्या गॅरेजात याला 'अमानत' म्हणतात. हा शब्द तुम्हाला मी शिकवायला नको.

आणि हो, घरी किंवा शेजारी मोटार असेल, तर एकदा चाकाच्या आतल्या बाजूला वाकून पाहा. तेथे काळे ग्रीस उडालेले दिसले, तर मालकाला जरूर सांगा.